चाफ्याच्या पानांमागची पिवळी पूड: दरवर्षी परत येणारा तांबेरा

“ताई, औषध परवाच मारलंय. तरी बघा,” म्हणत आमच्या सोसायटीच्या माळीमामांनी चाफ्याचं पान उलटं करून माझ्यासमोर धरलं. पानाची सगळी पाठ हळद शिंपडल्यासारखी. जरा हलवलं तर पूड खाली झडली, त्यांच्या बोटांना लागली, माझ्या ओढणीलाही लागली. गणपती चार दिवसांवर आले होते आणि सलग चौथ्या वर्षी कुंपणालगतचे सातही चाफे असेच पिवळे पडून गळायला लागले होते.

चार वर्षांत आम्ही काय काय केलं, कुठे चुकलो आणि शेवटी कशाचा उपयोग झाला ते इथे लिहिते आहे. पुण्यात राहते, गाव गुहागरकडे आहे, त्यामुळे कमी पावसाचा आणि धो धो पावसाचा असे दोन्ही चाफे बघण्यात आहेत. शेतीची पदवी वगैरे नाही. चुका मात्र भरपूर केलेल्या आहेत.

आधी हाच रोग आहे ना, ते बघा

पान वरून बघून निदान करू नका. वरच्या बाजूला फक्त फिकट पिवळे, पुढे करडे-तपकिरी होत जाणारे कोनाकोनाचे डाग दिसतात, आणि असे डाग दहा कारणांनी पडतात. पान उलटं करा. पाठीवर बारीक नारिंगी-पिवळे फोड असतील आणि बोट फिरवल्यावर पूड लागत असेल तर तो तांबेराच. आणखी खात्री हवी तर पारदर्शक चिकटपट्टी पानाच्या पाठीला लावून काढा आणि पांढऱ्या कागदावर डकवा. पिवळा ठसा उमटला की संपलं. तांबेरा ही बुरशी आहे, आणि त्या पुडीचा एकेक कण म्हणजे तिचा एक बीजाणू, तिचं बीच म्हणा. लांबी मिलिमीटरच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढी, आणि एका पानावर असे किती असतात ते मोजायच्या भानगडीत पडू नये.

पूड पांढरी, कापसासारखी असेल तर पिठ्या ढेकूण. काळी काजळी असेल तर रस शोषणाऱ्या किडीच्या चिकट स्रावावर वाढलेली बुरशी. तिथे आधी कीड शोधायची. उन्हाळ्यात पान निस्तेज पडून मागे बारीक जाळी दिसली तर लाल कोळी. फांदीचं टोक मऊ, काळं पडून दाबल्यावर पिचत असेल तर ती कूज आहे, आणि ती तांबेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त गंभीर: साधारणपणे पाणी साचल्यामुळे होते आणि झाड घेऊन जाऊ शकते. डिसेंबरमध्ये पानं डाग न पडता पिवळी होऊन गळत असतील तर तो रोगच नाही. चाफा थंडीत पानं टाकतो, ती त्याची रीत आहे.

एक गमतीची गोष्ट. फोड बारकाईने बघताना त्या पुडीत वळवळणाऱ्या नारिंगी अळ्या दिसतील. मी पहिल्यांदा बघितल्या तेव्हा आता कीडही लागली म्हणून कपाळाला हात लावला होता. त्या मायकोडिप्लोसिस गटातल्या चिमुकल्या माशीच्या अळ्या असतात आणि तांबेऱ्याचे बीजाणू हेच त्यांचं जेवण. रोग आटोक्यात आणण्याइतकं त्या खात नाहीत, पण पानाला काही करतही नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं कीटकनाशक आणू नका.

कुठल्या चाफ्याला होतो

आपल्याकडे चाफा या नावाखाली एकमेकांशी नातं नसलेली अर्धा डझन झाडं खपतात. सोनचाफा, कवठी चाफा, हिरवा चाफा, नागचाफा यांच्यापैकी कोणालाही हा रोग होत नाही. हा फक्त देवळापाशी, दर्ग्यापाशी, दफनभूमीत दिसणाऱ्या, जाडजूड फांद्यांच्या, तोडल्यावर पांढरा चीक गळणाऱ्या चाफ्याचा रोग. खुरचाफा म्हणा, देवचाफा म्हणा. शास्त्रीय नाव प्लुमेरिया. कण्हेर त्याच कुळातली, पण तिलाही तो लागत नाही. कण्हेरीच्या कोवळ्या शेंड्यांवर जे पिवळंधमक दिसतं तो मावा असतो, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने निघून जातो. म्हणजे चाफ्याला तांबेरा झाला म्हणून शेजारच्या अनंतावर, जास्वंदीवर औषध मारायची काही गरज नाही. आम्ही पहिल्या वर्षी सरसकट सगळ्या बागेवर मारलं होतं.

हा आला कुठून

इतक्या देवळांच्या दारात उभा असला तरी चाफा मूळचा इथला नव्हे. तो मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटांकडचा. शार्ल प्लुमिए या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचं नाव त्याला मिळालं आहे. तांबेरा पाडणारी बुरशीही तिकडचीच. ग्वादलूप बेटावरून आलेल्या नमुन्यांवरून पातुयार या फ्रेंच अभ्यासकाने १९०२ साली तिचं वर्णन केलं आणि कोलिओस्पोरियम प्लुमेरी हे नाव दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं ती तिकडेच होती. १९९१ मध्ये ती हवाई बेटांवर पोचली, जिथे चाफ्याच्या फुलांचे हार करून पाहुण्यांच्या गळ्यात घालतात, आणि पुढच्या काही वर्षांत पॅसिफिक आणि आशियाभर पसरली. जुन्या माळ्यांना विचारलंत तर बरेच जण सांगतील की आमच्या लहानपणी चाफ्याला काही होत नसे. ते काही जुन्या काळाचं गुणगान नव्हे, खरंच होत नसे.

झाड शेकडो वर्षं आधी आलं आणि रोग मागाहून, हे कसं? मला यात चाफ्याच्या लागवडीची पद्धत दिसते. चाफा बियांनी क्वचितच लावतात. फांदी तोडायची, चीक सुकू द्यायचा आणि मातीत खोचायची. बिनपानाची फांदी मातीशिवाय काही आठवडे सहज तग धरते, जहाजाच्या प्रवासाला अगदी योग्य. आणि ही बुरशी राहते फक्त जिवंत पानात. खोडात, फांदीत, मुळात ती नसते. पान नाही तर प्रवास नाही. पुढे पानांसकट कुंड्या देशोदेशी फिरायला लागल्या तेव्हा तिची सोय झाली. हा माझा अंदाज आहे, पण त्यातून निघालेला एक नियम मी पाळते: नर्सरीतून पानं असलेला चाफा आणायचा तर पावसाळ्यात आणायचा नाही, आणि कोणाकडून फांदी घ्यायची तर सगळी पानं तिथेच खुडून घ्यायची. आमच्या सातपैकी तीन झाडं एका नर्सरीतून जुलैत हिरवीगार म्हणून आणली होती. पानं उलटी करून कोणी बघितलीच नव्हती.

दरवर्षी परत का येतो

इथेच आम्ही चार वर्षं अडकलो होतो. तांबेऱ्याच्या पुष्कळ जातींना आयुष्य पुरं करायला दोन वेगवेगळी झाडं लागतात. याच बुरशीच्या कितीतरी भावंडांना दुसरं झाड म्हणून पाइन लागतं. चाफ्याच्या तांबेऱ्याला तशी गरज पडत नाही. एका पानावरची पूड वाऱ्याने किंवा पावसाच्या शिंतोड्याने दुसऱ्या पानावर पडते, पान काही तास ओलं राहिलं की रुजते, पर्णरंध्रातून, म्हणजे पानाच्या पाठीवरच्या बारीक छिद्रातून, आत शिरते आणि साधारण आठवड्या-दहा दिवसांत तिथे नवे फोड फुटतात. जुलैत दोन पानांवर असलेला तांबेरा सप्टेंबरपर्यंत अख्ख्या झाडावर का होतो, ते यात आलं.

मग उन्हाळ्यात तो जातो कुठे? तांबड्या-गुलाबी फुलांचे, टोकदार पानांचे चाफे थंडीत पूर्ण बोडके होतात. फाल्गुन-चैत्रात आधी फुलं येतात, पानं मागून. तिथे बुरशीला राहायला जागाच नाही. पण गोल टोकाच्या, जाड चकचकीत पानांचा पांढरा चाफा, ज्याला नर्सरीवाले सिंगापूर म्हणतात, तो बारा महिने पानं धरून असतो. आमच्या कुंपणापलीकडच्या बंगल्यात असाच एक आहे. फेब्रुवारीत मी त्याची खालची पानं उलटून बघितली. फार नाही, सात-आठ पानांवर वाळके डाग आणि मधोमध ताजे पिवळे ठिपके. आमच्या बागेतल्या प्रत्येक पावसाळ्याचं बियाणं तिथे सांभाळून ठेवलेलं होतं.

तुमच्याकडे रोग परत येत असेल तर औषधाच्या दुकानात जाण्याआधी हे करा: माघ-फाल्गुनात आसपासचा सदाहरित चाफा शोधा आणि त्याची पानं उलटी करा. कुंडीतलाही चालेल. सापडला तर ती मोजकी पानं त्या महिन्यांत काढणं हे सप्टेंबरातल्या दहा फवारण्यांपेक्षा भारी पडतं.

आमच्या चुका

पहिल्या वर्षी खाण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण. पानांच्या कडा करपल्या, पूड तशीच राहिली.

दुसऱ्या वर्षी निंबोळी तेल. किडींसाठी ठीक आहे, पण पान पिवळं झाल्यावर तांबेऱ्याला त्याने काही फरक पडला नाही.

तिसऱ्या वर्षी आम्ही शहाणे झालो आणि फांद्या छाटल्या. सप्टेंबरात, भर पावसात. फांदीत रोग नसतोच, तेव्हा छाटून मिळवलं काहीच नाही. उलट दोन फांद्यांची कापलेली टोकं कुजली. चीक मामांच्या डोळ्यात गेला ते वेगळंच. छाटणी करायची तर कोरड्या दिवसांत, डोळ्यांवर चष्मा लावून, आणि तीही झाड दाट झालं असेल, वारा खेळत नसेल तरच.

चौथ्या वर्षी हेक्झाकोनॅझोल हे बुरशीनाशक आणलं. औषध चुकीचं नव्हतं. पण मामा जमिनीवर उभे राहून वरून फवारत होते. पानाची वरची बाजू छान न्हाऊन निघाली, बुरशी आणि रंध्रं मात्र खालच्या बाजूला. त्यात संध्याकाळी सर आली. लेखाच्या सुरुवातीचा प्रसंग त्यानंतरचा.

पोफळीवरून सुचलेलं उत्तर

गणपतीला गावी गेले तेव्हा काकांना सगळी कथा ऐकवली. आमच्या पोफळींना पावसात कोळेरोग येतो, सुपारी कोवळी असताना कुजून गळते. काकांनी विचारलं, “तुम्ही मारता कधी?” म्हटलं, “रोग दिसला की.” ते हसले. “अगो, दिसला की काय मारतेस! आम्ही मिरगाच्या आत बोर्डो मारून मोकळे होतो. मग पाऊस लागल्यावर उघडीप बघून परत एकदा.”

बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक. औषध पानावर आधी हवं, बीजाणू नंतर यायला हवा. हे कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला ठाऊक आहे, आणि ते शोधून काढायला मोठी किंमत मोजली गेलेली आहे. १८६९ मध्ये सिलोनच्या कॉफीवर तांबेरा दिसला. काही वर्षांनी ब्रिटिशांनी हॅरी मार्शल वॉर्ड या तरुण शास्त्रज्ञाला तिथे पाठवलं. त्याने मळ्यांत चिकट काचपट्ट्या टांगून हवेतले बीजाणू पकडले आणि बुरशी पानात शिरते कशी ते दाखवलं. एकदा ती आत गेली की वरून टाकलेल्या भुकटीचा तिला त्रास नाही. मैलोन्‌मैल एकच झाड लावल्याने तिचं फावलं, हेही त्याचं म्हणणं. तोवर उशीर झाला होता. सिलोनने कॉफी सोडून चहा धरला. आमचे सात चाफे एकाच ओळीत, त्यातले तीन बहुतेक एकाच झाडाच्या फांद्या. छोटं सिलोनच ते.

मग वेळापत्रक काय

माघ-फाल्गुनात सदाहरित चाफ्याची डागाळलेली पानं काढायची. हे वर आलंच.

मे अखेर, नवी पानं पूर्ण उघडली की पहिली फवारणी. मॅन्कोझेब ७५ टक्के भुकटी, लिटरला २ ते अडीच ग्रॅम, सोबत थोडं स्टिकर, म्हणजे औषध पानाला चिकटून राहावं म्हणून मिसळायचं द्रव. हे स्पर्शजन्य औषध आहे, म्हणजे जिथे लागेल तिथेच काम करतं, म्हणून पंपाची नळी खाली धरून नोझल वर वळवायचं आणि पानांच्या पाठी भिजवायच्या. जूनअखेर किंवा जुलैत दोन दिवस उघडीप मिळाली की दुसरी. यानंतर दर आठवड्याला, विशेषतः खालची पानं उलटून बघायची. पहिलं पिवळं पान दिसलं की तेवढं पान खुडून पिशवीत. दहा-पंधरा पानांवर गेलं तरच आंतरप्रवाही, म्हणजे पानात शोषलं जाऊन आत पसरणारं औषध, हेक्झाकोनॅझोल ५ टक्के लिटरला १ मिली, आणि तेही हंगामात एक-दोनदाच. एकच आंतरप्रवाही औषध पुन्हा पुन्हा मारलं तर बुरशी त्याला सरावते. शिवाय या गटातली औषधं झाडाची वाढ रोखतात, पानं बारकी आणि गडद होतात.

या औषधांच्या लेबलवर पिकांची नावं असतात. चाफ्याचं मला कधी दिसलेलं नाही, तेव्हा आधी दोन-चार पानांवर मारून चार दिवस बघा. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा शर्ट, वाऱ्याकडे पाठ. बाग लहान आहे म्हणून हयगय नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले ते विसरण्यासारखं नाही. फवारलेल्या झाडाची फुलं देवाला, गजऱ्याला नकोत. मुलं झाडाखाली खेळत असतील तर फवारणीच नको, नुसती पानं खुडा.

पाणी बुडाशी द्या, पानांवर नको. स्प्रिंकलर चाफ्यापर्यंत पोचत असेल तर त्याचं तोंड वळवा. आमच्याकडे तो रोज संध्याकाळी फिरायचा आणि पानं रात्रभर ओली राहायची. फक्त तेवढं बदलल्याने कोपऱ्यातल्या दोन झाडांवर फरक दिसला.

गळलेली पानं रोज किंवा एक दिवसाआड उचला, पण कोरडी असताना झाडू मारू नका, पूड उडते. सकाळी दव असताना गोळा करा. जाळू नका. खड्ड्यात टाकून वर वीतभर माती ओढली तरी पुरे. मेलेल्या पानात ही बुरशी वाढू शकत नाही, त्यामुळे चांगलं तापणारं खत असेल तर त्यातही चालतील. झाडाखाली ढीग मात्र नको.

आणि काही न करणं

गावच्या देवळासमोरचा चाफा आजोबांच्या आधीपासूनचा आहे. तिथल्या पावसात श्रावणातच त्याची पानं पिवळी होतात, दसऱ्याला तो बोडका असतो. कोणी कधी औषध मारलेलं नाही, आणि चैत्रात तो फुलांनी पांढरा होतो. जमिनीत मुरलेल्या मोठ्या चाफ्यावर फवारणी करू नका, असंच माझं मत आहे. वीस फुटांवर पानांच्या पाठी भिजवता येत नाहीत, औषध खालच्या माणसांवर पडतं, आणि झाड मरत नाही.

ते का मरत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. चाफ्याला पानं टाकून राहायची सवय आहे, जाड फांद्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं. तांबेऱ्याने ती दोन महिने आधी टाकली इतकंच. सदाहरित जंगली झाडांचं तसं नसतं. ऑस्ट्रेलियात २०१० मध्ये जांभूळ-पेरूच्या कुळावर येणारा वेगळा तांबेरा शिरला. तो दर वेळी कोवळी पालवीच खातो. तिथलं ऱ्होडोमिर्टस सिडिऑयडीस हे रानटी झाड त्यामुळे नामशेष व्हायच्या बेताला आलं आहे. बुरशी तशीच, फरक झाडाच्या सवयीचा.

म्हणून फवारणी फक्त पहिल्या दोन-तीन वर्षांची रोपं, कुंडीतले चाफे आणि विक्रीची रोपं यांच्यासाठी. त्यांच्यात साठा कमी असतो आणि वर्षानुवर्षं अकाली पानगळ झाली तर वाढ खुंटते, फुलं कमी येतात. आमच्या सातपैकी चार झाडं आता पुरुषभर उंच झाली आहेत. त्यांची फवारणी यंदापासून बंद.

गेल्या पावसाळ्यात एक गोष्ट सोडून हे सगळं पाळलं. तांबेरा आलाच, पण सप्टेंबरऐवजी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात जोर धरला, आणि दिवाळीत सातपैकी पाच झाडांवर निम्म्याहून जास्त पानं होती. पलीकडच्या बंगल्याला सगळ्यात जवळचे दोन मात्र नेहमीसारखेच पिवळे. तिथल्या आजींनी फेब्रुवारीत त्यांच्या चाफ्याची पानं काढू दिली नव्हती. “झाड छान हिरवं आहे, कशाला ओरबाडता?” यंदा मी चिकटपट्टीचा तो पिवळा ठसा कागदावर डकवून घेऊन जाणार आहे, सोबत काकांनी पाठवलेल्या ओल्या सुपाऱ्याही.